एक गेली तरी दुसरी राहते

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की लातूरच्या एका संस्थेचं कॉम्प्युटरचं काम मी हौसेनं करायचो आणि पुढं सोडलं. का सोडलं, असं तिनं विचारलंही होतं. मी म्हणालो, वेळ मिळत नाही. वेळ भरपूर होता. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची-माझी ओळख नाही — आणि ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ रेटत नाही, हे आता मला कळून चुकलंय.

सुरुवात कुठून करू? मशीनपासून केली तर तुम्ही म्हणाल, बिघडलं असेल, मशीनच ते. म्हणून अक्कांपासून करतो.

महानंदा अक्का मूळच्या उदगीरकडच्या. उभा जन्म प्राथमिक शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि आवाज असा खणखणीत की मागच्या बाकावरचं पोरही झोपायचं नाही. आमची संस्था अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. संस्था म्हणजे काय, बारदान्याच्या दुकानावर दोन खोल्या. एकीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, तो आमचा स्टुडिओ. पंख्याचा आवाज येतो म्हणून वाचताना पंखा बंद ठेवायचा. लातूरच्या उन्हाळ्यात, गाद्यांच्या त्या खोलीत, पंख्याशिवाय — तुम्ही बसाल? मी कधी बसलो नाही. अक्का पदरानं मानेवरचा घाम टिपत तासन्‌तास वाचायच्या. पाचवीचा भूगोल, दहावीचं विज्ञान, बी.ए.चा इतिहास, जे पुढ्यात येईल ते.

आणि प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी त्यांचं एक वाक्य ठरलेलं. धडा संपला की पुस्तकातली भाषा सोडून त्या आपल्या बोलीत यायच्या, "बाळांनो, आज इथवरच. आता मी मेन बंद करते अन् घरला जाते." सुरुवातीला आम्ही ते वाक्य कापून टाकायचो. एकदा ते चुकून राहिलं, तर मुलांनीच निरोप पाठवला की कापू नका. जळकोटची रुक्मिण, जन्मापासून न दिसणारी, आता स्वतः शिक्षिका आहे. ती मला एकदा म्हणाली, "सर, पेपरच्या आदल्या दिवशी मला धडा ऐकवत न्हवता. नुसतं अक्कांचं तेवढं शेवटचं ऐकायचे, मग झोप लागायची."

मेन बंद करण्याचंही सांगतो, ते पुढं लागणार आहे. अक्कांच्या माहेरी शॉर्टसर्किटनं कडब्याची गंज जळाली होती. तेव्हापासून कुलूप लावण्याआधी मेन स्विच खाली ओढल्याशिवाय त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. आपल्याकडं बहुतेकांची ही सवय असते, तुमचीही असेल.

आता मी. मी कंधारचा, लातूरला एका ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. ज्यांना त्यातलं काही कळत नाही, त्यांच्यात बसायला मला आवडायचं. तिथं मी शहाणा होतो ना! संस्था चालवायचे बिराजदार अण्णा, आडतीतले, सरळ माणूस. रेकॉर्डिंग एका जुन्या कॉम्प्युटरवर ठेवलेली होती आणि तो गळ्यापर्यंत भरला होता. सर्व्हर घ्यायचं ठरलं. कुठला घ्यायचा, त्यात काय टाकायचं, ते सर सांगतील. सर म्हणजे मीच.

बैठकीत मी तासभर बोललो. कुणीतरी बिचकत म्हणालं, आपल्याला सवयीचं विंडोजच टाकलं तर? मी हसलो. लिनक्सवर व्याख्यान दिलं. व्हायरस लागत नाही, वर्षानुवर्षं बंद करावं लागत नाही, जगातली मोठमोठी कामं त्याच्यावर चालतात. यातला शब्द न् शब्द खरा होता. खोटं एवढंच होतं की मला ते येत होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, तो त्या दिवशी सगळ्या बैठकीनं ऐकला, फक्त त्यांना तो खोल पाण्याचा वाटला. शेवटी अण्णांनी विचारलं, "सर, जागा किती हुईल?" मी दोन डिस्कच्या जागेची बेरीज करून आकडा सांगितला. मोठा होता. माना डोलल्या.

सामान आणायला नांदेडला सलीमभाईंच्या दुकानात गेलो. जुनी ओळख. त्यांनी एक बुटकं, काळं, काही रंगरूप नसलेलं मशीन दाखवलं. म्हणाले, "सर, दिसायला काही न्हाई, पण दिवसरात्र चालायला बनवलंय हे. ह्याच्या डिस्क पण तशाच हायत." मला ते आवडलं नाही. मी काचेच्या बाजूचं मोठं कॅबिनेट घेतलं, आत निळे दिवे लागणारं, आणि त्यात घरगुती कॉम्प्युटरच्या मोठाल्या डिस्क. अंधांच्या संस्थेसाठी निळे दिवे! हसा, हसण्यासारखंच आहे. सलीमभाई हसले नाहीत. पिशवी हातात देताना म्हणाले, "नाराज होऊ नका सर, पण तुम्हाला जे येतंय तेच टाका त्यात. शिकायचं घरच्या मशीनवर. आन दोन डिस्कचा आरसा करा, काही झालं तरी."

आरसा म्हणजे काय, ते सोपं आहे. दोन डिस्क असल्या की त्या दोन तऱ्हांनी जोडता येतात. पहिल्या तऱ्हेत जे एकीवर तेच दुसरीवर, जसंच्या तसं. एक गेली तरी दुसरी राहते. पण मग जागा एकीचीच मिळते. दुसऱ्या तऱ्हेत जागा दोन्हींची मिळते — पण कशी? पुस्तकाचं प्रत्येक पान मधोमध फाडायचं, अर्धं एका पेटीत, अर्धं दुसऱ्या पेटीत. एक पेटी हरवली की दुसरीतले तुकडे चुलीत घालायच्या लायकीचे.

लिनक्स टाकताना पडद्यावर तो प्रश्न आला. मी बराच वेळ बघत बसलो. आरसा केला तर जागा निम्मी होणार होती, आणि बैठकीत तर मी बेरीज सांगून बसलो होतो. अण्णांना सांगितलं असतं, अण्णा, माझी चूक झाली, निम्मीच जागा मिळेल — तर काय झालं असतं? अण्णा म्हणाले असते, "बरं." एवढंच. त्या एका "बरं"ला मी घाबरलो. पानं फाडायची तऱ्हा निवडली.

हा नुसता मूर्खपणा होता, आणि मूर्खपणा माफ असतो. मी काही त्याची कबुली द्यायला बसलेलो नाही.

मशीनची पूजा झाली. हळदकुंकू, हार, नारळ. काचेतून निळा उजेड पडलेला. अक्का हातात खोबऱ्याचा तुकडा घेऊन माझ्याजवळ आल्या. मला त्या तम्मा म्हणायच्या — कानडीत धाकटा भाऊ.

"तम्मा, एक शंका हाय. ह्यात दोन डिस्क हायत म्हणलास. एक बिघडली तर दुसरी राहते न्हवं?"

हा प्रश्न त्या गर्दीत दुसऱ्या कुणालाच सुचला नव्हता. मी म्हणालो, "राहते, अक्का."

"मग जुन्यातलं पुसलं तरी चालतंय."

जुन्या कॉम्प्युटरवरचं मीच पुसलं. मुलांना धडे मेमरी कार्डावर जायचे, सत्र संपलं की कार्डं परत यायची आणि पुसून पुन्हा भरली जायची. म्हणजे अक्कांचा आवाज आता एकाच ठिकाणी होता, मधोमध फाडलेला.

पुढं त्या कॅबिनेटच्या पंख्यांची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येऊ लागली. अक्कांनी तक्रार केली. मी मशीन उचलून लाकडी कपाटात ठेवलं आणि दार लावून घेतलं. घरघर थांबली. कपाटाचं दार उघडलं की तोंडावर धग यायची, चूल नुकती विझवल्यासारखी. मला कळत नव्हतं का? कळत होतं. दर रविवारी मनाशी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात एक बाहेरची डिस्क आणू, सगळं तिच्यावर उतरवून घेऊ, नीट जोडू. पण डिस्क आणायची तर संस्थेला सांगावं लागलं असतं, आणि कुणीतरी विचारलं असतं, कशाला? दुसरी राहते म्हणाला होतास न्हवं? चोराच्या मनात चांदणं. आणि याहून खरं कारण सांगू? काही होणार नाही असं मला वाटत होतं. आजवर कुठं काय झालं होतं?

अक्कांचा आवाज बसला. थंड पाणी पिलं असंल, म्हणाल्या. आल्याचा काढा झाला, ज्येष्ठमध झालं. मग सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गळ्याचा कॅन्सर आहे, स्वरयंत्रच काढावं लागेल. ऑपरेशनची तारीख मिळाली. मधल्या काळात अक्का रोज येत राहिल्या. घसा खरवडत, थांबत, पाण्याचा घोट घेत वाचायच्या. मी त्यांना म्हणालो, अक्का, आता पुरे. त्या म्हणाल्या, "देवाला गळा न्यायचा तर नेऊ दे की. माझा आवाज तुझ्या पेटीत हाय, तम्मा."

ही वेळ होती. मला ठाऊक आहे, तुम्हालाही दिसतंय. अजून काहीही बिघडलेलं नव्हतं. एक डिस्क आणून एका दिवसात सगळं वाचवता आलं असतं. मी म्हणालो, "काळजी करू नका, अक्का."

सोलापूरला जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी शेवटचा धडा वाचला. दुपार होती. आम्ही तिघं-चौघं दाराशी उभे होतो. शेवटी त्यांनी आपलं वाक्य म्हटलं, "आज इथवरच," आणि तिथं क्षणभर थांबल्या. मग पुढचंही म्हटलं. आम्ही सगळे डोळे पुसत जिना उतरलो, अक्का मागून कुलूप लावून आल्या. मेन स्विचवर मी चिठ्ठी चिकटवली होती, बंद करू नये म्हणून, आणि एरवी त्या ती पाळायच्याही. त्या दिवशी हात सवयीनं गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर मेन खाली ओढलेला. चालू केला. मशीन उठलं, कारण लिनक्स वेगळ्या छोट्या डिस्कवर होतं. त्यानं सांगितलं, दोनातली एक डिस्क मेली आहे. सत्र संपलं होतं, मुलांची कार्डंही पुसून झाली होती. मी खोदत गेलो. तेव्हा दिसलं की ते मला कितीतरी आठवड्यांपासून सांगत होतं. डिस्क खराब होतेय, डिस्क खराब होतेय — रोज एक इशारा. हे इशारे जिथं जमा होतात ती जागा मी कधी उघडलीच नव्हती, कारण अशी काही जागा असते हेच मला माहीत नव्हतं. ज्याच्यावर मी तासभर व्याख्यान दिलं होतं, ते हेच.

म्हणजे अक्कांचा हात लागायच्या कितीतरी आधीपासून ती डिस्क कपाटात भाजून मरत होती. फार तर त्या हाताचं निमित्त झालं. आणि आरसा असता तर निमित्त होऊनही दुसरी राहिली असती.

त्या सकाळी मला काय वाटलं, ते सांगायला मी इतका वेळ घुटमळतोय. दुःख नाही. भीतीही नाही. खाली ओढलेला मेन आठवला आणि मला हायसं वाटलं. आनंद झाला म्हणा.

अण्णा आले. मी म्हणालो, "मेन बंद झाला होता." शब्दशः खरं होतं. अण्णा डोक्याला हात लावून बसले. म्हणाले, "अक्कांनी केला असंल. सवय हाय त्यांची." मग म्हणाले, "पण एक गेली तर दुसरी राहते म्हणला होता की तुम्ही?" मी म्हणालो, "लाईट अशी अचानक गेली की दोन्ही जातात, अण्णा." त्यांनी मान डोलावली. सरांना कळतं.

करून सवरून नामानिराळा, हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवला होता. पूर्ण मार्क पडले होते.

अक्का ऑपरेशन होऊन घरी आल्यावर अण्णा आणि मी भेटायला गेलो. गळ्याला पट्टी, गळ्यातच श्वासाला भोक, मांडीवर पाटी. नातवाची पाटी. आवाज गेला होता तो गेलाच होता. अण्णांना खोटं बोलता येत नाही. चाचरत म्हणाले, मशीन बिघडलं, रेकॉर्डिंग गेली. अक्का ऐकत होत्या. मग त्यांनी पाटीवर एकच शब्द लिहिला आणि पाटी माझ्याकडं वळवली.

"मेन?"

मी मान हलवली. होकारार्थी.

त्यांनी पदरानं तो शब्द पुसला. मग माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. अपराध्यासारखा. त्या माझी क्षमा मागत होत्या — माझी!

इथं तरी थांबायला हवं होतं मी. पण अजून एक आहे.

सलीमभाईंना फोनवर कळलं होतं. ते म्हणाले, "हैदराबादला एक जण हाय, मेलेल्या डिस्कमधून काढून देतो. खात्री न्हाई सर, पण आशा हाय. दोन्ही डिस्क घेऊन या." अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, सर, उद्याच जा. मी निघालो. एसटीत मांडीवर कॅरीबॅग, तिच्यात दोन डिस्क. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, आणि वाटभर मला एकच दिसत होतं — तो हैदराबादचा माणूस पहिला प्रश्न काय विचारणार? डिस्क जोडल्या कशा होत्या? सलीमभाईंना कळेल, मग अण्णांना, आणि मग पाटीवर लिहिणाऱ्या त्या बाईला.

नांदेडला गोदावरीच्या पुलाच्या अलीकडं मी उतरलो. पुलावर लोक निर्माल्य टाकायला थांबतात, तुम्ही पाहिलं असेल. सुकलेले हार, काच फुटलेल्या तसबिरी, कॅरीबॅगसकट. एक बाई टाकत होती. मला पाहून ती कठड्यापाशी थोडी सरकली, जागा करून दिली. माझ्याही हातात कॅरीबॅगच होती. मी टाकली. ती हात जोडून उभी होती, म्हणून मीही जोडले.

अण्णांना सांगितलं, काही निघालं नाही. सलीमभाईंना सांगितलं, संस्थेनंच नको म्हटलं. त्यानंतर मी संस्थेत जाणं कमी केलं, मग बंदच केलं. सर मनाला फार लावून घेतात, असं अण्णा लोकांना सांगत असत. रुक्मिणचा एकदा फोन आला होता. सर, एखादा धडा तरी सापडतो का बघा ना, धडा नसला तर नुसतं शेवटचं वाक्य. बघतो म्हणालो.

अक्का मागच्या उन्हाळ्यात गेल्या. त्यांच्या रीतीप्रमाणे समाधी दिली. सगळ्यांबरोबर मीही मूठभर माती लोटली.

त्यांना मी शेवटचं भेटलो ते संक्रांतीला. अण्णांनी तिळगूळ दिला होता पोचवायला, नाही म्हणता आलं नाही. दिवस मावळला होता. दार उघडंच होतं, आत अंधार. लाईट गेली असेल वाटलं, पण शेजारच्या घरात दिवे होते. डोळे सरावल्यावर दिसलं, अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. बटण त्यांच्या डोक्यापासून हातभर वर होतं.

मागच्या खोलीतून सूनबाई आल्या. म्हणाल्या, "तवापासून बटणाला हातच लावत न्हाईत बघा, सर. लाईट पाहिजे असली की टाळी वाजवतात, मी येऊन लावते. न्हाई ऐकू आली तर बसतात तशाच." आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.

खोलीत आम्ही दोघंच. मी बोललो असतो तर ऐकणारं एकच माणूस होतं, आणि त्याला ते तोंडानं कुणाला सांगताही आलं नसतं.

मी बटण दाबलं. उजेड पडला. अक्कांनी डोळे बारीक करून पाहिलं, मला ओळखलं आणि लाईट लावली म्हणून हात जोडले. मी तिळगूळ दिला, चहा घेतला आणि निघालो.